आधी खिसे रिकामे

अनारकुलच्या वेणीच्या टोकाला चांदीच्या नाण्यांबरोबर एक लोखंडी किल्ली लटकत असे. चालताना नाणी किणकिणत आणि किल्ली खडखडे, त्यामुळे नारिन नदीच्या वरच्या कुरणावर ती येतेय हे सगळ्यांना आधीच कळायचं.

किल्ली काडतुसांच्या डब्याची होती. बंदूक लोकरी तंबूच्या आतल्या लाकडी जाळीला टांगलेली असे आणि डबा समोरच्या बाजूला, रजयांच्या थप्पीखालच्या पेटीत. नवरा मिरलान मेंढ्या घेऊन निघाला की ती लांडग्यांपुरती काडतुसं काढून द्यायची, पट्ट्याच्या कप्प्यात नीट बसली का ते बघायची आणि संध्याकाळी त्यानं बूट काढण्याआधी परत मागायची.

शेजारचे मेंढपाळ घोड्यावरून ओरडायचे, "मिरलान, आजचं रेशन मिळालं का रे बायकोकडून?"

"मिळालं की!" आतून अनारकुलच उत्तर द्यायची. "तुम्हाला तर घरी कुणी विचारतही नाही!"

या शिस्तीतून एकच माणूस सुटला होता. सादिरबेक, तिच्या वारलेल्या सासऱ्यांचे थोरले भाऊ. सुनेनं सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव घ्यायचं नाही, म्हणून लग्न झाल्यापासून ती त्यांना 'शिकारी आबा' म्हणायची. आबांच्या कोटाच्या डाव्या खिशात पोरांसाठी कुरुत असे, वाळवलेल्या दह्याचे खारट खडे. खिसा सगळ्या पोरांना पाठ होता. त्याच खिशात मार्मोटच्या, डोंगरात बिळं करून राहणाऱ्या जाड्या खारीच्या, शिकारीची छोटी पितळी काडतुसंही असत.

तिनं सासूला, कनिशायना, सांगून पाहिलं होतं.

"पाहुण्याचे खिसे सून तपासणार? लोक तोंडात शेण घालतील," त्या म्हणाल्या, आणि विषय संपला.

त्या दिवशी गारांचा पाऊस झाला. मिरलान मेंढ्यांमागे गेला होता. आबा दोन सोबत्यांबरोबर चिंब भिजून आले. कनिशायनी त्यांचा कोट चुलीजवळच्या दांडीवर वाळत टाकला. पाहुण्यांच्या चहासाठी किटली तापत होती. अनारकुल कणीक लाटत होती, तोच तिची चार वर्षांची लेक मीरिम तिच्या मांडीला येऊन टेकली. पोरीचा गाल फुगला होता, पण ओठांवर कुरुताचा पांढरा थर नव्हता. अनारकुलनं पिठाचं बोट तिच्या तोंडात घातलं. काडतूस निघालं.

"याला चवच नाहीये," मीरिम म्हणाली. "दुसरं पण तसलंच होतं. मी टाकून दिलं."

"कुठं टाकलंस, सोन्या?"

पोरीनं गोवऱ्यांच्या टोपलीकडे बोट केलं. कनिशाय त्याच टोपलीतून चुलीत गोवऱ्या सारत होत्या.

अनारकुलनं मीरिमला दाराबाहेर ढकललं, किटली उचलली आणि अख्खी चुलीत ओतली. तंबूभर धूर झाला.

"अगं, चहा!" कनिशाय किंचाळल्या. "पाहुण्यांचा चहा!"

"बंदुकीत नसताना ते काय करणार आहे?" आबा खोकत हसले. "फट्ट वाजेल, झालं. माझा खिसा फाटला, पण काडतूस कधी फुटलं नाही."

"फुटलं आणि पितळेचा तुकडा पोरीच्या डोळ्यात गेला, की मग मला समजवायला याल का, आबा?"

अनारकुलनं टोपली फरफटत बाहेर नेली आणि चुलीतला विझलेला ढीगही त्यावर टाकला. गारांत बसून ती एकेक गोवरी हातानं फोडू लागली. आठवडाभराचं जळण चिखलात गेलं. एका गोवरीच्या भेगेत काडतूस सापडलं.

ती तशीच निथळत आत आली, पेटीतून डबा काढला, कुलूप उघडलं आणि आबांसमोर धरला.

"खिसा रिकामा करा, आबा."

आबांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. "कनिशाय, तुझ्या सुनेला आवर."

"सादिरबेक आबा," अनारकुल म्हणाली, "मी तुमच्याशी बोलतेय."

कनिशायनी तोंडावर हात ठेवला. सोबत्यांनी माना खाली घातल्या. आबांनी आता तिच्याकडे पाहिलं. मग उठले, दांडीवरचा ओला कोट ओढला आणि डावा खिसा डब्यावर उलटा केला. काडतुसं खणखणली, त्यांच्यावर कुरुत पडलं.

"घे. हेही ठेव कुलुपात."

तिनं कुरुत वेचून परत दिलं. "हे उजव्या खिशात ठेवा. पोरं तिथंही शोधतील."

आबा न जेवता निघून गेले. चुलत सासऱ्याचं नाव घेणारी सून म्हणून अनारकुलची गोष्ट आजूबाजूच्या दोन्ही खोऱ्यांत फिरली. कनिशाय कितीतरी दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. मिरलानही म्हणाला, "जा ना एकदा. माफी मागून ये. एवढं काय त्यात?"

"जाईन," ती म्हणाली. "पण डबा बरोबर घेऊन जाईन."

ती गेली नाही. आबाही अनारकुलच्या तंबूवरून जाताना घोडा थांबवेनासे झाले. मीरिम त्यांची वाट बघायची आणि ते अनारकुलला टोचायचं. पण किल्ली वेणीतच राहिली, आणि डबा पेटीतून निघून दाराशी आला.

पुढच्या उन्हाळ्यात मिरलानचा थोरला चुलतभाऊ खांद्याला बंदूक अडकवून आला. त्याचा पाय उंबऱ्यात पडायच्या आत कनिशाय आतून ओरडल्या, "आधी खिसे रिकामे कर रे! नाहीतर ही तुझंही नाव घेईल!"