बुवाच्या दाढीचा डागदर

लाँड्रीतल्या त्या गृहस्थांना अख्खी गल्ली डागदर म्हणायची. डॉक्टरकीशी त्यांचा संबंध एवढाच, की वर्षातून दोनदा सर्दी झाली की ते डॉक्टरकडे जायचे. ते कपड्यांवरचे डाग काढायचे, म्हणून डागदर. हे नाव समोरच्या शिंप्याने ठेवलेलं. शिंप्याला उभ्या आयुष्यात हा एकच विनोद सुचला, आणि तीस वर्षं तोच पुरला.

दुकानाच्या मागच्या खोलीत, खिडकीखाली, डागदरांचं टेबल होतं. त्यावर छोट्या बाटल्या, दात घासायचे जुने ब्रश आणि फडक्यांची चळत. शाई, तेल, गंज, लिपस्टिक, सगळं त्या टेबलावर येऊन गेलेलं. त्यांना हे काम थोरल्या मालकांनी शिकवलं होतं, आणि शिकवताना दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. डाग घासायचा नाही, टिपायचा. आणि पाणी लावण्याआधी खिसा तपासायचा. खिशात पेन गळत असेल तर शर्ट कितीही वेळा धुवा, डाग परत येणारच. मालक जाऊनही बरीच वर्षं झाली, पण कोणी शर्ट टेबलावर टाकला की डागदरांची बोटं आधी खिशात जायची.

एका मंगळवारी सकाळी एक ठेंगण्या, जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या बाई रस्त्यात उभ्या राहिल्या आणि त्यांनी शिंप्याला विचारलं, "इथं कुत्र्यांचे डागदर कुठं बसतात हो?" शिंप्याचं मशीन खडखडत होतं आणि ओठांत टाचण्या होत्या. त्याला त्यातलं 'डागदर' तेवढं ऐकू गेलं. त्याने मान वर न करता हनुवटीने लाँड्री दाखवली.

बाईंच्या मागे एक कुत्रा होता. गुडघ्याएवढा, केसाळ, डोळ्यांवर झिपऱ्या, आणि खाली वीतभर दाढी. अंगाने पांढरा, पण दाढी जुन्या चहाच्या रंगाची, टोकांना चिकटून तिच्या दोऱ्या झालेल्या.

"डागदर, याची दाढी बघा हो," बाई म्हणाल्या.

डागदरांना यात काही वावगं वाटलं नाही. लोकांनी त्यांच्याकडे बाहुलीचे केस आणले होते, एकाने तर घरचा पोपटी पडदा निळा होतो का विचारलं होतं. त्यांनी बाईंना स्टूल दिलं. बाई एका वसतिगृहाच्या मेसमध्ये स्वयंपाक करायच्या. सगळे त्यांना मावशी म्हणत. कुत्रा तिथलाच. निवृत्त होऊन त्या भाच्याकडे राहायला आल्या तेव्हा सामान म्हणून एक ट्रंक आणि हा.

"भाचेसून वाईट नाही," मावशी म्हणाल्या. "पण नवा सोफा घेतलाय, साईच्या रंगाचा. हा पाणी पिऊन येतो आणि दाढी टेकवतो. वास मारतो, डाग पडतात. ती म्हणाली, रविवारपर्यंत याचं काहीतरी करा, नाहीतर एक शेतावरचा माणूस आहे, त्याच्याकडे पाठवू. मी काय सांगू तुम्हाला? याच्याशिवाय मला त्या घरात परक्यासारखं वाटतं."

डागदर घाबरले. कापडाला जीव नसतो, ते चावत नाही. "नाही बुवा," ते म्हणाले, "जित्या जनावराला मी कधी..."

कुत्रा उठला, पुढे आला आणि त्याने आपली ओली दाढी सरळ त्यांच्या तळहातात ठेवली.

"बघा, हाकेला आला," मावशी म्हणाल्या. "बुवाच नाव याचं. दाढीमुळे पडलं."

आता दाढीच हातात दिल्यावर माणूस काय बोलणार? दाढीखालून मात्र एक वास आला, ओलं फडकं चार दिवस पिशवीत राहिल्यासारखा. डागदरांनी नाक मुरडलं आणि दाढीचाच असेल म्हणून सोडून दिलं.

बाटल्यांना त्यांनी हात लावला नाही. जे जिभेवर जाऊ शकतं ते लावायचं नाही, एवढी अक्कल त्यांना होती. कोमट पाणी, लहान बाळांचा साबण, मग पुन्हा पाणी. टॉवेलने टिपणं, घासणं नाही. कोरडी झाल्यावर मक्याचं पीठ भुरभुरलं आणि टोकांकडून सुरुवात करून फणीने विंचरलं. जुना डाग केसात मुरलेला होता, तो निघणारा नव्हता. तेवढी टोकं कातरली. मावशींना सांगितलं, पाण्याचं भांडं गंजकं असेल तर फेका, स्टीलचं घ्या, आणि प्रत्येक खाण्या-पिण्यानंतर दाढी टिपून कोरडी करा. बुवा दुकानातून निघाला तेव्हा शिंप्यानेसुद्धा मशीन थांबवलं.

बुधवारी मावशी पुन्हा आल्या. केस नीट विंचरलेले, हातात डबा. दाढी बघून झाल्यावर म्हणाल्या, "डागदरसाहेब, अंगात ताप तर नाही ना याच्या? पोटात घ्यायला काही देता?"

तेव्हा डागदरांच्या डोक्यात प्रकाश पडला. ते तिथल्या तिथे सांगू शकले असते. पण 'साहेब' हा शब्द त्यांच्या नावाला आजवर कोणी लावला नव्हता. "पोटात काही नको," ते म्हणाले. खोटं काही बोलले नाहीत, हीच काय ती पळवाट.

घरी बायकोला सांगितलं. ती आधी पोट धरून हसली आणि मग गंभीर झाली. "उद्या सांगून टाका. माणूस विश्वासाने येतं."

"सांगतो."

गुरुवारी सांगितलं नाही. गुरुवारी दाढी इतकी छान दिसत होती की सांगायची गरजच वाटली नाही. तेवढे दोन दिवस डागदर आपणहून हरभऱ्याच्या झाडावर चढून बसले होते.

शुक्रवारी उतरले. बुवाच्या दाढीची उजवी बाजू पांढरीशुभ्र होती. डावी बाजू पुन्हा तपकिरी, पुन्हा ओली, आणि तोच वास.

"पुसत नाही का तुम्ही?" डागदर करवादले.

"शप्पथ पुसते हो. दोन्हीकडून पुसते." मावशींचा चेहरा पडला. "खातच कमी आहे म्हणा. आणि खातो तेही एकाच बाजूने."

डागदरांची फणी थांबली. वरून सांडलेलं एकाच बाजूला सांडत नाही. हे आतून झिरपत होतं. चार दिवस ते धूत होते आणि खिसा तपासलाच नव्हता. वास तर मंगळवारीच आला होता! त्यांनी अंगठ्याने बुवाचा डावा ओठ हळूच वर करायला घेतला. दाढी सगळीच्या सगळी हातात देणारा तो कुत्रा कळवळून मागे सरकला.

डागदरांनी फणी खाली ठेवली. ते उभे राहिले. "मावशी, मी डॉक्टर नाही. मी डाग काढतो. कपड्यांचे. लोक गमतीने डागदर म्हणतात. तुमचा गैरसमज झालाय हे मला बुधवारीच कळलं होतं आणि मी गप्प बसलो. याच्या तोंडात काहीतरी आहे. आत्ताच्या आत्ता खऱ्या डॉक्टरकडे चला."

मावशींनी जाड भिंगांतून आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग बाटल्यांकडे, मग दोरीवर लटकलेल्या कोटांकडे.

"सांगायला जीभ झडली होती तुमची?"

"चुकलं माझं."

मावशींनी बुवाचा पट्टा उचलला आणि चालू लागल्या. डागदर दुकान तसंच उघडं टाकून मागोमाग निघाले. शिंप्याने हाक मारली, ती त्यांना ऐकू आली नाही.

प्राण्यांच्या दवाखान्यात पुढे चार माणसं होती. बाकावर दोघं दोन टोकांना बसले, मध्ये बुवा. मावशी भिंतीकडे बघत म्हणाल्या, "आमच्या वसतिगृहाच्या रखवालदाराचं कुत्रं होतं. त्याच्या तोंडात गाठ निघाली. महिनाभरसुद्धा काढला नाही त्याने." डागदरांना वाटलं, आपण हे चार दिवस घालवले नसते तर. त्यांना बसवेना आणि उठूनही जाता येईना.

डॉक्टरीण तरुण होती. "आधी कोणाला दाखवलं होतं?" तिने विचारलं.

"हे उभे आहेत ना, यांनाच विचारा," मावशी म्हणाल्या.

डागदरांनी सगळं सांगितलं. डाग कोणत्या बाजूला, कधी ओला, वास कसा, पुसल्यावर किती वेळाने परत येतो. बुवाला गुंगीचं इंजेक्शन देऊन तिने तोंड उघडलं, दिवा धरला, चिमटा घातला आणि काहीतरी ओढून काढून ताटलीत टाकलं. लाकडाचा चपटा तुकडा. वरच्या दोन दाढांच्या मध्ये टाळूला आडवा अडकून बसला होता.

"आइस्क्रीमची काडी," ती म्हणाली. "डावी हिरडी चिघळली आहे, म्हणून त्या बाजूने लाळ गळत होती. आठ दिवस औषध द्या, बरा होईल."

"गाठ नाही?"

"गाठबीठ काही नाही, मावशी."

दोघांचाही जीव भांड्यात पडला. डागदर जवळच्या खुर्चीत बसले ते गुंगीचं इंजेक्शन त्यांनाच दिल्यासारखे. मावशी रडत होत्या, आणि रडता रडता त्यांची नजर ताटलीवर गेली.

"ही माझीच काडी असणार," त्या हळूच म्हणाल्या. "आइस्क्रीम संपलं की मी याला चाटायला देते. भाचेसून नको म्हणते, म्हणून लपून."

त्या दिवशी दुसऱ्याला बोलायचा हक्क दोघांपैकी कोणालाच नव्हता. परतताना गुंगीतल्या बुवाला त्यांनीच उचललं होतं, आणि मावशी चालता चालता त्यांच्या बाहीखाली रुमाल धरत होत्या, लाळेचा डाग पडू नये म्हणून.

शनिवार गेला. रविवारी लाँड्री बंद. डागदर घरात येरझारा घालत राहिले. बायको म्हणाली, "तो शेतावरचा माणूस काय तुम्हाला न्यायला येणार आहे का?" पण तिलाही घास गोड लागत नव्हता.

सोमवारी सकाळी कुलूप काढतात तोच एक तरुण बाई दारात आली, हातात कापडाची घडी. साईच्या रंगाची. डागदरांनी रंग ओळखला.

"सोफ्याचं कव्हर आहे," ती म्हणाली. "मावशी म्हणाल्या, डागदरांकडेच टाक, दुसरीकडे नको."

डागदरांनी कव्हर टेबलावर पसरलं. हात टेकायच्या जागेवर, डाव्या कोपऱ्यात, तपकिरी गोल डाग. तो कोणाचा हे त्यांना विचारावं लागलं नाही. दुसरं विचारायचं होतं, बुवा घरातच आहे की शेतावर गेला.

"कधीपर्यंत हवंय?" एवढंच त्यांनी विचारलं.

"सावकाश करा हो," ती म्हणाली. "बुवा सारखा तिथेच बसतो. मी तरी किती वेळा उठवू त्याला?"