जिवंत रुमेनाचं निधनपत्र

राजधानीच्या ल्युलिन वस्तीतल्या आमच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर, रुमेना बाकालोवाचं दार आमच्या दारासमोर. बावीस वर्षं ती एका सरकारी संस्थेत धान्याच्या आणि पावाच्या भावांचा अभ्यास करत होती. सगळे आकडे तोंडपाठ, पण घराची किल्ली हमखास विसरायची आणि माझ्याकडे येऊन बसायची.

त्या सप्टेंबरात आम्ही दोघी माझ्या गॅलरीत लाल मिरच्या भाजत होतो. तिच्या घरातला फोन वाजला. ती गेली आणि काळ्या हातांनीच परत आली.

"सरकार पडलंय ना, त्सोन्का. निवडणुकीपर्यंत राष्ट्राध्यक्ष मला पंतप्रधान करतायत."

"तुला? अगं, तुला मंडईत कुणी ओळखत नाही!"

"म्हणूनच असेल."

"मग आधी या मिरच्या सोलून दे, देश नंतर चालव," मी म्हटलं.

पहिल्याच आठवड्यात तिनं गहू देशाबाहेर पाठवायला बंदी घातली. पीक कमी आलं होतं. माझा नवरा गान्चो गहू बाहेर पाठवणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या गोदामात मुकादम होता. गोदाम बंद, गान्चो घरी.

"जा, सांग तुझ्या मैत्रिणीला!" तो माझं डोकं खायचा. "दोन महिन्यांची पाहुणी ती, कशाला नसत्या उठाठेवी?"

जिन्यात गाठून मी तिला विचारलंही. "हिवाळ्यात पाव पुरायला हवा गं," एवढंच म्हणाली. मलाही राग आला होता, खोटं कशाला बोलू?

ऑक्टोबरात एके सकाळी खाली उतरले आणि दारापाशीच थबकले. आमच्याकडे माणूस गेलं की काळ्या चौकटीचं निधनपत्र इमारतीच्या दारावर लावतात. त्या दिवशी दारावर रुमेना होती. फोटो, नाव, वय त्रेपन्न, 'आम्हांला सोडून गेल्या'. मी धावत वर जाऊन तिच्या कार्यालयात फोन लावला.

"जिवंत आहे गं," तीच बोलली. आवाज मात्र कोरडा पडला होता. "काढून ठेव तो कागद. पोलीस येतील."

कागद सोलताना फोटोच्या कडेला एक बाही दिसली. हिरवी, पांढऱ्या ठिपक्यांची. माझी! माझ्या वाढदिवसाचा तो फोटो, आणि तो फक्त आमच्या कपाटात होता. तो कागद घेऊन मी तशीच वर गेले.

गान्चो टेबलापाशी पाव खात होता. कागद पाहून त्यानं मान खाली घातली. "नुसतं घाबरवायचं होतं. घाबरून बंदी उठवली असती तर..."

"मेल्या, जिवंत बाईचं निधनपत्र?" मी ओरडले.

संध्याकाळी रुमेना पोलिसांना घेऊन आमच्या दारात आली. "हा फोटो कुठला, ओळखता?" पोलिसानं मला विचारलं. आतल्या खोलीत गान्चो श्वास रोखून उभा होता.

"नाही," मी म्हणाले.

रुमेनानं कागद हातात घेतला. त्या बाहीवर तिचं बोट थांबलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. आता संपलं सगळं, मला वाटलं.

"मलाही आठवत नाही," ती पोलिसांना म्हणाली.

आपल्याच पोलिसांशी पंतप्रधान खोटं बोलली, माझ्या घरासाठी. पोलीस जिना उतरून गेल्यावर ती हळूच म्हणाली, "गान्चोला सांग, बंदी उठणार नाही."

आणि समोरचं दार लावून घेतलं.