चंद्रामागे गेलेली माणसं आणि माझे हरभरे

आमच्या फ्रेस्नेदियास गावच्या माळावर ती अवाढव्य पांढरी अँटेनाची तबकडी उभी राहिली आणि चंद्राकडे निघालेल्या माणसांशी बोलायचं केंद्र सुरू झालं. तिथल्या कँटीनमध्ये मला स्वयंपाकाचं काम मिळालं. तेव्हापासून मी गावात अशी मिरवायला लागले, जणू यान मीच मागून ढकलणार होते. माझा नवरा निकासिओ गुरं राखायचा. तो म्हणायचा, "बाल्बिना, चंद्रावरून खाली उतर आणि गाईला पाणी दाखव."

नाताळच्या आदल्या दिवशी माणसं पहिल्यांदाच चंद्राभोवती फिरत होती. दुपारी हरभऱ्यांचं मोठं पातेलं शिजत ठेवून मी यंत्रांच्या खोलीत कॉफी घेऊन गेले. तेवढ्यात आरिआस नावाचा तरुण इंजिनियर म्हणाला, "संपर्क तुटला."

सगळे गप्प. मी ट्रे टेबलावर आदळला, तिथंच गुडघे टेकले आणि गावची राखण करणाऱ्या संताला, सान बार्तोलोमेला, ओरडून साकडं घातलं, "बाबा रे, त्यांच्या आयांकडे तरी बघ! सणासुदीला असं करू नकोस!"

"बाल्बिनाबाई, काय झालं?" आरिआस धावत आला.

"काय झालं काय विचारता? गेली ना बिचारी!"

"अहो, चंद्राच्या मागं गेलीत. मध्ये अख्खा चंद्र आल्यावर ऐकू कसं येणार? दर फेरीला असंच होतं. पाऊण तासात पुढं येतील."

"मग तुम्ही सगळे मयताला आल्यासारखे का बसलात?"

"कॉफीची वाट बघतोय."

सगळे असे काही हसले म्हणता! शहाण्या बाईनं तेव्हाच चुलीकडे पळावं. मी मात्र तिथंच खांबासारखी उभी. चंद्राचा काय भरवसा? अखेर खरखर झाली, काटा हलला, आरिआसनं अंगठा वर केला आणि मी त्याचे नीट भांग पाडलेले केस विस्कटून कपाळाचा मुका घेतला.

मग वास आला. चंद्राची खबर ठेवणारी एवढी यंत्रं, पण एकालाही माझं पातेलं करपल्याचं कळलं नव्हतं.

"वरवरचे हरभरे चांगले लागतायत," असं म्हणत बिचाऱ्यांनी ते खाल्ले.

संध्याकाळी निकासिओ ऐकून पोट धरून हसला. मग अंगणात जाऊन बराच वेळ चंद्राकडे बघत राहिला.

"आत्ता पुढं आहेत का मागं?" त्यानं हळूच विचारलं.

मला काय ठाऊक! पण मी एप्रन झटकला आणि केंद्रातल्या बाईच्या ऐटीत सांगितलं, "पुढं."