तीन म्हणजे नव्वद

नकाशाच्या जुन्या अमोनिया प्रिंटची गुंडाळी आज उघडली आणि त्या नाकाला झोंबणाऱ्या वासाबरोबर नव्वदच्या दशकातील जळगावचा आमचा पाइप कारखाना समोर उभा राहिला. पाइपजोडाचे चित्र संगणकाकडून आपोआप काढून घेणारा तो पहिला प्रोग्रॅम पुण्याच्या इंजिनिअरने लिहिला, असे माझे जुने सहकारी आजही सांगतात. ते साफ खोटे आहे. तो दोन दिवस शिकवून निघून गेला. प्रोग्रॅमच्या ओळीओळीत माजलेल्या कंसांच्या रानातून वाट काढली ती मी, एका साध्या ड्राफ्ट्समनने, याच प्रिंटच्या पाठीवर पेन्सिलीने ओळ न् ओळ लिहून. साहेबांसमोर चाचणी झाली तेव्हा मी ऐटीत ‘तीन’ टाइप केले, कारण आमच्याकडे सारे तीन इंची पाइपच म्हणतात. संगणकाने तीन मिलिमीटर समजून तिळाएवढा ठिपका काढला. “हा पाइप मुंग्यांना विका, आणि उद्यापासून पुन्हा ड्रॉइंग बोर्डावर बसा,” साहेब म्हणाले. मागे उभा असलेला लेथवाला कारागीर माझ्या कानाशी वाकला. “भाऊ, तीन इंची म्हणजे बाहेरून नव्वद मिलिमीटर, चार म्हणजे एकशे दहा. हाई बठ्ठं त्याले शिकाडी द्या ना!” तो एकेक माप सांगत गेला, ते सगळे संगणकाला शिकवायला मी लिहीत गेलो, आणि दुपारी पडद्यावर अचूक जोड उमटला. या कामाच्या श्रेयातून इंजिनिअरचे नाव मी आजही खोडीन. पण प्रिंटच्या कोपऱ्यात मी फक्त माझीच सही केली होती, तिच्याखाली आज लेथवाल्याचे नाव लिहिले.