साडूंच्या सायकली आणि मेहुणीचा समुद्र

आयुष्यात एकही गोष्ट पहिल्यांदा न करणारा माणूस पाहायचा असेल, तर सोलापूरला येऊन आमच्या साडूंना भेटावं. ते जे काही करतात ते निदान दुसऱ्यांदा तरी करत असतात, कारण आधी त्याची तालीम झालेली असते. बत्तीस वर्षं अग्निशमन दलात काढलेली. आग नसताना ती लागली आहे असं समजून धावायचं, हा नोकरीचाच भाग. निवृत्त झाल्यावर नोकरी सुटली, धावणं सुटलं नाही. मुलीच्या लग्नाआधी त्यांनी रिकामी मोटार वरातीच्या वेगाने कार्यालयापर्यंत नेऊन आणली. वाटेत एका रिक्षावाल्याने "नवरदेव कुटं हाय?" असं विचारलं, तेव्हा "तो रविवारी येणार आहे," असं गंभीरपणे सांगून ते पुढे गेले. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी दोन दिवस डोळ्याला रुमाल बांधून घरभर वावरले. त्यात एका फुलदाणीचे दोन तुकडे झाले आणि माझ्या मेहुणीने देवापुढे बसून नुसताच मोठा श्वास घेतला.

मेहुणी म्हणजे माझ्या बायकोची धाकटी बहीण. कमी बोलणारी बाई. लग्न झाल्यापासून तिने नवऱ्याकडे एकच मागितलं होतं, ते म्हणजे समुद्र. पण सुट्ट्या पडायच्या उन्हाळ्यात, आणि आमच्याकडे आगीही उन्हाळ्यातच लागतात. कधी चादरींचं गोदाम, कधी कडब्याची गंज. एकदा तर बॅगा रिक्षात ठेवल्यावर दलाचा माणूस बोलवायला आला. साडू त्याच रिक्षातून गेले आणि मेहुणी बॅगा घेऊन परत जिना चढली. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी साडूंनी मोठ्या मनाने जाहीर केलं, "चल, तुला गाडीनं कोकण दाखवतो."

"गाडीनं नको," ती म्हणाली. "तुमी काचा वर करून घेता. सायकलीनं जाऊ की."

साडू हसले. चार दिवसांनी दारात गिअरच्या दोन सायकली उभ्या राहिल्या, तेव्हा थांबले. लहानपणी मोडनिंबला ती रोज शाळेला सायकलीनंच जायची, हे त्यांना संसाराच्या एकतिसाव्या वर्षी कळलं.

मग तालीम सुरू झाली. कोकणात घाट, आणि सोलापूर तव्यासारखं सपाट. चढ म्हणावा असा रेल्वेवरचा एक पूल. साडू शिरस्त्राण, गुडघ्यांची कवचं आणि गळ्यात शिटी अशा थाटात तो पूल रोज सकाळी वीस वेळा चढायचे, वीस वेळा उतरायचे. "काका, काय हरवलंय का?" असं विचारणारे लोक पुढे पुढे नुसताच हात करू लागले. समुद्रावरच्या वाऱ्याची सवय व्हावी म्हणून टेबलफॅनपुढे ओली सोलापुरी चादर टांगून तिच्यामागे जागेवर पेडल मारणं झालं. असे चौदा महिने गेले. प्रत्येक महिन्याच्या शेवटी साडू म्हणायचे, "अजून तयारी कच्ची हाय." शेवटी एका दुपारी मेहुणी माझ्याकडे आली. "दाजी, उद्या सामानाची गाडी तुमी आणा. ते नाही आले तर आपण दोघं जाऊ." मी हा निरोप साडूंना जसाच्या तसा पोचवला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते शिटीसकट हजर होते.

सायकली गाडीवर बांधून आम्ही रत्नागिरी गाठली. तिथून पुढे आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळे, मग जयगड, मग फेरीबोटीतून खाडी ओलांडून गुहागर, अशी चार दिवसांची आखणी. माझ्या गाडीत शेंगाची चटणी, कडक भाकरी, दोन पंप, दोर आणि घडीचं स्ट्रेचर. पहिला मोठा चढ आला आणि मेहुणी भाजी आणायला निघाल्यासारखी पाठ ताठ ठेवून वर निघून गेली. तिसऱ्या वळणावर साडू सायकल हातात धरून उभे दिसले. अंगातला शर्ट पिळून काढण्यासारखा झालेला.

"उतरलात?"

"उतरलो नाही, पाहणी करतोय," ते धापा टाकत म्हणाले. "ऊन आपल्याचसारखं हाय हो, पण ह्याला लई पाणी सुटलंय."

माथ्यावर पोचलो तर खाली निळा समुद्र पसरलेला आणि रस्त्यावर मेहुणी नाही. उतारावरही नाही. पूल वीस वेळा उतरलेले साडू तो उतार दोन्ही ब्रेक दाबून पायीच उतरले. खाली सुरूच्या झाडांपाशी तिची सायकल आडवी पडली होती. चपला शेजारी. साडूंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी शिटी फुंकली. जाळं विणत बसलेले दोन कोळी उठून उभे राहिले. मग साडू पळाले. वाळूतून, बुटांसकट, शिरस्त्राणासकट, साठीचा माणूस पळेल यावर माझा विश्वास नव्हता.

मेहुणी गुडघाभर पाण्यात साडी वर खोचून उभी होती. साडू सरळ पाण्यात घुसले आणि तिला मागून दोन्ही काखांत धरून उचलू लागले.

"अहो, काय करताय?"

"घाबरू नको. अंग सैल सोड."

"मी बुडत न्हाय!" ती ओरडली, आणि मग जी हसायला लागली ती थांबेचना. इतक्यात एक लाट आली आणि दोघांनाही कमरेपर्यंत भिजवून गेली. "उचलू नका," ती हसता हसता म्हणाली, "नुसता हात धरा की."

त्यांनी हात धरला. मी गाडीशीच थांबलो. कोळी पुन्हा जाळ्याला लागले. बराच वेळ ती दोघं तशीच उभी होती.

गणपतीपुळे, जयगड, गुहागर सगळं तसंच राहिलं. चारही दिवस आम्ही त्याच किनाऱ्यालगतच्या गावात काढले. ती रोज पाण्यात जायची. साडू आधी काठावर बसायचे, मग तिच्यामागून जायचे.

परवा त्यांच्याकडे चहाला गेलो होतो. मेहुणी सायकल घेऊन तळ्याकडे गेली होती. साडूंनी आधी मला चढांचे आकडे ऐकवले. मग कप खाली ठेवला.

"साडूभाऊ, त्या दिवशी पाण्यात ती हसली ना, तशी हसताना मी तिला कधी पाहिलीच नव्हती." बशीत पडलेला चहा त्यांनी परत कपात ओतला. "कुटं होतो हो मी एवढी वर्षं?"

ते कुठे होते हे अर्ध्या सोलापूरला ठाऊक आहे. कितीतरी घरं त्यामुळेच अजून उभी आहेत. मी ते सांगणार होतो. पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं, रस्त्याकडे होतं, म्हणून मीही तिकडेच बघत बसलो.