किल्लेदाराचं नाव

तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम सुरू झालं आणि बोईसरमध्ये घाटावरची, विदर्भातली कुटुंबं भाड्याच्या खोल्यांत येऊन राहू लागली. मी तिथल्या शाळेत मराठी शिकवत होतो. गणपतीत नाटक करायचं ठरलं, तेव्हा ते बसवण्याचं काम साहजिकच माझ्या गळ्यात पडलं. मी एक जुनं ऐतिहासिक नाटक निवडलं. त्यातल्या बाईच्या भूमिकेवर माझा जीव होता, निदान मी तसं सगळ्यांना सांगत असे.

नाटकात एक किल्लेदार फितूर होऊन गडाचा दरवाजा उघडतो आणि आळ धाकट्या भावावर ढकलतो. खरं काय ते फक्त त्याच्या बायकोला माहीत असतं. भर सदरेवर तिला विचारतात, "दरवाजा कोणी उघडला?" किल्लेदार निर्धास्त असतो. कुलीन बाई नवऱ्याचं नाव तोंडातून काढणार नाही, याची त्याला खात्री असते. ती काढते. नुसतं नाव उच्चारते आणि सदर उतरून एकटी चालू लागते. तीन अंक 'स्वारी, स्वारी' म्हणणाऱ्या बाईच्या तोंडी शेवटी ते एकच नाव.

आणि योगायोग असा, की किल्लेदाराचं नाव माझंच होतं.

कोणाचीच बायको काम करायला तयार होईना. मी मोठ्या तोंडाने सांगून टाकलं, "माझी करील." घरी तिला विचारलंही नव्हतं. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "मास्तर, सुधारक असावा तर असा!" मला बरं वाटलं. परपुरुषासमोर नको, म्हणून किल्लेदाराचं काम माझ्याकडे आलं.

बायकोने आधी आढेवेढे घेतले. मग भाकऱ्या थापताना, नळावर, कपडे वाळत घालताना ती पुटपुटू लागली. माझ्या आधी तिची नक्कल पाठ झाली. तालमीत मात्र ती त्या नावाशी अडायची. "यांनीच," म्हणायची आणि माझ्याकडे बोट दाखवायची. सगळे हसायचे.

"वहिनी, उखाण्यात घ्या!" अध्यक्ष ओरडले. "सदरेवर उखाणा झाला पाहिजे!"

"घेईन, पण मग सरदारांना लाडू वाटायला लागतील," ती म्हणाली, आणि तालीम हसण्यातच संपली.

एका संध्याकाळी तिने ते नाव घेतलं. बोट न दाखवता, माझ्याकडे सरळ बघत. तिच्या आवाजात माझं नाव मी आजवर फक्त उखाण्यात ऐकलं होतं, लाजून, घाईत उरकलेलं. हे तसलं नव्हतं. मला पुरतं ओळखणारं माणूस समोर उभं होतं. त्यानंतर किल्लेदाराने मान खाली घालायची असते. मला अभिनय करावा लागला नाही. कोणी हसलंही नाही.

माझी आई माकुणसारहून आली होती. तालीम बघायला तीही बसली होती. घरी पाऊल टाकताच तिने तोंड सोडलं.

"गळ्यात मंगळसूत्र, आनि चार मानसांत नवऱ्याचं नाव?"

"आई, ते किल्लेदाराचं नाव आहे," बायको म्हणाली.

"आनि किल्लेदार कोन हाय? माजाच पोरगा ना?"

मी आईची समजूत घालू शकलो असतो. ते न करता मी तोडगा काढला. दुसऱ्या दिवशी संहितेतलं किल्लेदाराचं नाव खोडून दुसरं घातलं. सगळ्यांना हायसं वाटलं. "झकास, मास्तर," अध्यक्ष म्हणाले, "कोणाचंच काही गेलं नाही."

"माझं गेलं," घरी बायको म्हणाली.

"अगं, नाव तेवढं बदललं. संवाद सगळे आहेत तसेच आहेत."

"परक्याचं नाव मी हवं तेवढ्यांदा घेईन. त्यात काय मोठंसं? ती नवऱ्याचं घेते."

"पण तो नाटकातला नवरा."

"मग तुम्ही का घाबरलात?"

आईसाठी केलं, असं मी म्हणालो. ते खोटं होतं. हिला माझं सगळं ठाऊक आहे आणि ही ते चारचौघांत सांगू शकते, असं मला त्या संध्याकाळी वाटलं होतं. सांगण्यासारखं तसं फार नव्हतंच. तिचे होकार तिला न विचारता देऊन टाकण्याची माझी सवय, एवढंच.

"मग हे काम दुसऱ्या कोणाला द्या," ती म्हणाली आणि तिने नक्कल माझ्या हातात ठेवली.

बांधकामावर नवापूरचा एक फिटर होता. गावच्या नाटकांत तो बाईची कामं करायचा. तो म्हणाला, "मास्तर, मी लुगडं नेसलो का लोक शिट्ट्या मारतात. पन वहिनी उबी राहते तसं मला नाय जमनार." तरी त्याने काम घेतलं. मग त्याने विचारलं, "नाव कुठलं घेऊ? जुनं का नवं?"

"जुनंच घे," अध्यक्ष म्हणाले. "पुरुषमाणूस तू, तुला कसली अडचण?"

आईचीही हरकत नव्हती. मी तिथेच उभा होतो.

प्रयोगात फिटरने नऊवारीचा पदर खोचून माझं नाव असं ठणकावलं, की मांडव टाळ्यांनी दणाणला. बायको बायकांच्या बाजूला आईशेजारी बसली होती. मी मान खाली घातली, नाटकात लिहिलं होतं म्हणून. माझा संताप होत होता आणि तो काढायला माझ्याखेरीज कोणी सापडत नव्हतं. नाटक लिहिणारा पुरुष, बाई झालेला पुरुष, वाहवा करणारे पुरुष. बाईच्या धैर्याच्या नावाखाली आम्ही एकमेकांचीच पाठ थोपटत होतो. अध्यक्षांनी तर स्टेजवर येऊन मला हार घातला.

गणपती गेल्यावर एकदा ती पिठाच्या परातीशी बसली असताना मी जवळ जाऊन म्हणालो, "घरात तरी घे एकदा माझं नाव. मीच सांगतोय."

तिने हात थांबवले नाहीत. "तुम्ही नको म्हणालात तेव्हा नाही घेतलं. आता तुम्ही घे म्हणताय म्हणून घेऊ?"

"अजून राग आहे?"

"आईंना वाढायचंय. सरका जरा."

मी सरकलो.