आतोबांचं जर्मन घर

आमच्या आतोबांनी आयुष्यात जीव लावला तो त्यांच्या घराला; आत्याचा नंबर दुसरा, हे तिनेही कधी नाकारलं नाही. फोंडाघाटाजवळ, डोंगराच्या पायथ्याशी, कुणा जर्मन पाद्र्याने आपल्या मुलखातल्या शेतघरासारखं बांधलेलं ते दगडी घर आतोबांच्या आजोबांनी विकत घेतलं होतं. भिंती हातभर जाडीच्या आणि छप्पर बर्फ घसरून जावा इतकं उभं. इथे बर्फ कुठला, असं कुणी विचारलंच तर आतोबा गंभीरपणे सांगत, "पडत नाय, तो घराचो दोष नाय." परगावी ते मुक्काम करत नसत. माझ्या लग्नातही अक्षता टाकल्या आणि घर एकटं आहे म्हणून न जेवता निघून गेले.

मागचा डोंगर कुणीतरी प्लॉट पाडण्यासाठी कापला, आणि गेल्या पावसाळ्यात माती खाली सरकू लागली. मी कणकवलीहून पोचलो तेव्हा स्वयंपाकघराची भिंत आत फुगली होती आणि फटींतून तांबडं पाणी झिरपत होतं. गावकरी बाहेरून हाका मारत होते. आतोबा मात्र त्याच भिंतीला पाठ टेकून खुर्चीत बसलेले. मी समजावलं, हात जोडले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

मग आत्या आली, स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसली.

"तू भायर जा," आतोबा म्हणाले.

"तुमी बसा. मी पण बसतंय."

वरचा एक दगड निसटून चुलीवर पडला. आत्या दचकली, पण उठली नाही. आतोबांनी भिंतीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आणि तिचा हात धरून उठले. त्यांना तिचा हात धरताना मी प्रथमच पाहत होतो. आम्ही अंगण ओलांडलं आणि मागे सगळं स्वयंपाकघर बसलं.

घराचा पुढचा भाग वाचला. डोंगराला बांध घातल्यावर नवं स्वयंपाकघर उभारायचं ठरलं, तेव्हा गवंड्याने आत्याला विचारलं, काय काय हवं? ती म्हणाली, मोठी खिडकी. सून होऊन आल्यापासून त्या जाड भिंतीआड अंधारात रांधताना तिला ती हवी होती. आतोबा चकित झाले.

"इतकी वर्सां माका बोलूक नाय तां?"

"बोललंय," आत्या म्हणाली. "तुमचा लक्ष घराकडे होता."

आता सकाळी दोघं त्या खिडकीशी चहा घेतात. तिचा कप रिकामा झाला की आतोबा उठतात, आणि तो स्वतः विसळून ठेवतात.